समोरून पाइप दिसू नये म्हणून: एका इंग्रजी दगडी हवेलीच्या ओलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर ग्लॉस्टरशरमध्ये आहे, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या पश्चिमेकडच्या उतारावर. गावाचं नाव, कुटुंबाचं नाव आणि ओळख पटवतील असे बारकावे गाळले आहेत. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयाकडे हे प्रकरण आलं, तेव्हा मालकीणबाईंच्या हातात एका कंत्राटदाराचं कोटेशन होतं: तळमजल्याच्या भिंतींना रसायनाची इंजेक्शनं, आतून जलरोधक थर, वर नवं प्लास्टर आणि लांबलचक हमी. हे करायचं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

घर 'ग्रेड टू स्टार' यादीत आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत, त्यांतली ही मधली. बहुतेक वास्तू सर्वांत खालच्या 'ग्रेड टू'मध्ये मोडतात. वरच्या दोन्ही श्रेणी मिळून दहा टक्केही भरत नाहीत. त्यामुळे इथे दोन दगडांमधली नुसती दरज उकरायची असली, तरी आधी १९९०च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते का ते तपासावं लागतं. परवानगीशिवाय वास्तूच्या रूपाला धक्का देणारं काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. मालकीणबाईंना हे ठाऊक होतं. कोटेशन देणाऱ्याला बहुधा नव्हतं.

पैशाची बाजूही सांगून टाकतो. इथे नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य. चारशे वर्षांचं घर दुरुस्त केलं तर २० टक्के. संरक्षित वास्तूतल्या मंजूर फेरबदलांना पूर्वी सूट होती, ती २०१२ साली गेली. विसाव्या शतकात इंग्लंडमधली अशी हजाराहून अधिक घरं पाडली गेली. वारसाकर, नोकरांचा तुटवडा, युद्धकाळात लष्कराने केलेला वापर अशी त्याची बरीच कारणं आहेत. पण गळकं छप्पर आणि ते शाकारायला पैसा नसणं हे कारण जवळपास प्रत्येक घराच्या कहाणीत सापडतं. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं आणि तिथून लोकमत फिरू लागलं. आमचं घर त्या लाटेतून वाचलं ते अर्धा भाग भाड्याने देऊन.

घराची घडण

ओलीचं मूळ घराच्या इतिहासात होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

मूळ घर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, लोकरीच्या व्यापारातल्या पैशातून बांधलेलं. (याच टापूत हिंदुस्थानातून आलेल्या पैशावर उभी राहिलेली घरंही आहेत. वॉरन हेस्टिंग्जचं डेल्सफर्ड आणि कॉकरेल कुटुंबाचं, घुमट असलेलं सेझिनकोट तिथून फार लांब नाही. दोन्हींचा वास्तुकार एकच. आमचं घर त्या गोतातलं नव्हे.) त्या काळच्या स्थानिक रीतीप्रमाणे त्याला उंच तिकोनी भिंती आहेत, दगडी दांड्यांनी विभागलेल्या बुटक्या रुंद खिडक्या आहेत आणि त्या प्रत्येक खिडकीवर बाहेर आलेली दगडी पट्टी आहे. वरून ओघळत येणारं पाणी या पट्टीवर अडतं आणि खिडकीपासून लांब ठिबकतं.

छप्परही दगडीच. चुनखडकाच्या पातळ फरश्या वरच्या टोकाशी ओकच्या खुंट्यांवर लटकवलेल्या असतात. पागोळीशी सर्वांत मोठी फरशी, आढ्याशी सर्वांत लहान. ही फरशी सच्छिद्र असते, पाणी थोडंफार पितेच. म्हणून उतार फार खडा ठेवतात, पन्नास अंशांच्या आसपास. पाणी रेंगाळायच्या आत खाली आलं पाहिजे, हा हिशेब. जुन्या भागात पन्हळी नव्हत्या. पाणी पागोळीवरून थेट भिंतीपासून हातभर लांब पडायचं.

भिंती पाऊण मीटर जाडीच्या. बाहेर एक कातळ, आत एक कातळ आणि मधल्या पोकळीत डबर, माती आणि चुना. दगड कॉट्सवोल्डचा पिवळसर चुनखडक, ज्युरासिक काळातला. भिंगातून पाहिला तर माशाच्या गाभोळीसारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. खाणीतून काढला की तो मऊ असतो, सहज घडवता येतो. अंगातलं पाणी सुकलं की कडक होतो. आपल्या दख्खनी काळ्या पाषाणाची सवय असलेल्या माणसाला हा दगड समजून घ्यायला वेळ लागतो. काळा पाषाण पाणी फारसा आत घेतच नाही. हा घेतो आणि परत सोडतो. पाऊस पडला की भिंत थोडी भिजणार आणि वारा सुटला की दरजांमधल्या मऊ चुन्यातून सुकणार, अशी ती रचना.

मग १७३०च्या दशकात घराण्याला बरे दिवस आले आणि पश्चिमेकडे नवं दर्शन चढवलं गेलं. 'चढवलं' हे शब्दशः. जुनी भिंत तशीच ठेवून तिच्यापुढे बारीक दरजांच्या, गुळगुळीत घडीव दगडाचा वीतभर जाडीचा पडदा उभारला. खिडक्या उंच, वर-खाली सरकणाऱ्या, एकाखाली एक. मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. त्यांतल्या दोन खोट्या आहेत: चौकट आहे, आत दगड. पाहुण्यांना इथे हटकून खिडक्यांवरच्या जुन्या कराची गोष्ट सांगितली जाते. तो कर १६९६ ते १८५१ होता, हे खरं. पण या खिडक्या करासाठी बुजवलेल्या नाहीत. त्यांच्यामागे जुनं धुराडं आहे आणि समोरची रांग जुळावी म्हणून त्या मुळातच आंधळ्या बांधल्या.

खरी गोम वर होती. नव्या रुचीला तिकोनी भिंती आणि खडं छप्पर गावंढळ वाटू लागलं होतं. म्हणून दर्शनी भिंत छपराच्याही वर नेली आणि तिला सरळ कठडा केला. छप्पर लपलं. पण छप्पर तर तेच होतं, खड्या उताराचं, आणि त्याचं सगळं पाणी आता कठड्याच्या आतल्या अंगाला येऊन साठायचं. तिथे शिशाच्या पत्र्याची लांब पन्हळ केली. पन्हळीतलं पाणी बाहेर कसं काढायचं? दर्शनी भागावर पाइप दिसता कामा नये. तेव्हा ते आत वळवलं: लाकडी नळीला शिशाचं अस्तर लावून ती पोटमाळ्यातून आरपार मागच्या बाजूला नेली आणि पाणी मागच्या अंगणात सोडलं. समोरचा चेहरा स्वच्छ राहावा म्हणून आकाशातलं पाणी घरातून फिरवलं. त्या काळच्या बऱ्याच घरांत ही युक्ती सापडते. शिसं धड आहे तोवर ती चालतेही.

अडचण

दिवाणखाना आणि त्यावरची निजायची खोली, दोन्ही दर्शनी भागातल्या. निजायच्या खोलीत छताशी तपकिरी डाग. दिवाणखान्यात भिंतींवरच्या लाकडी तक्तपोशीच्या मागून कुबट वास, खालच्या पट्टीला बुरशी आणि जिथे प्लास्टर उघडं होतं तिथे लोणा, म्हणजे क्षारांचा थर. बाहेर याहून चमत्कारिक दृश्य. दगडाचा पृष्ठभाग खपल्या सुटून आत गेला होता आणि दरजांमधलं सिमेंट पुढे आलं होतं. भिंतीवर सिमेंटची जाळीच उरली होती म्हणा ना.

हे सिमेंट १९८०च्या दशकातलं. तेव्हाही ओल होती. त्यावर उपाय म्हणून दरजा यंत्राने रुंद करून कडक सिमेंटने भरल्या. ओल थांबली नाही, तेव्हा काही वर्षांनी जोत्याशी ओळीने भोकं पाडून रसायन सोडलं. तरीही थांबली नाही, म्हणून आतून जिप्समचं प्लास्टर. आता चौथा उपाय कोटेशनच्या रूपाने टेबलावर होता आणि त्यातली निम्मी कामं आधी एकदा करून फसलेली होती. कोटेशन नाकारायला एवढंही पुरेसं होतं. पण 'हे नको' म्हटल्यावर 'मग काय' याचं उत्तर द्यावं लागतं.

घाईचं कारणही होतं. मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि समारंभ याच दिवाणखान्यात व्हायचा होता.

तपासात काय निघालं

कंत्राटदाराने दोन टोकं भिंतीत खुपसायचं विजेचं मीटर लावून आकडे घेतले होते. असं मीटर लाकडासाठी ठीक. लोणा धरलेल्या भिंतीत ते क्षारांमुळेही ओल दाखवतं. म्हणून आम्ही भिंतीच्या वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून भुकटी काढली आणि ती वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करून पाहिली. वेळखाऊ काम, पण त्यातून एक आकृती उभी राहिली. सर्वांत ओला भाग जमिनीशी नव्हता. तो भिंतीच्या माथ्याशी होता. तिथून खाली येताना ओल कमी होत होती आणि जोत्याशी पुन्हा वाढत होती. म्हणजे दोन वेगळी पाणी होती, एक वरून येणारं आणि एक खालून.

खालचं पटकन सापडलं. व्हिक्टोरियन काळात कोणीतरी दर्शनी भिंतीला लागून फुलांचा वाफा केला होता आणि दर वर्षी खत-माती पडून तो आतल्या जमिनीच्याही वर चढला होता.

वरचं शोधायला भर पावसात पोटमाळ्यावर बसावं लागलं. आतून जाणारी नळी ओली होती, पण गळत नव्हती. पाणी पन्हळीतूनच झिरपत होतं. पन्हळीतलं शिसं मागच्या शतकात कधीतरी बदललेलं आणि बदलणाऱ्याने सहा-सहा मीटरचे सलग पत्रे टाकले होते. शिसं उन्हाने फार वाढतं. रात्रीच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ५० अंशांचा फरक धरला, तर सहा मीटरचा पत्रा जवळपास ९ मिलिमीटर लांब होतो आणि पुन्हा आखडतो. दोन्ही टोकांना जखडलेला पत्रा हे रोज करत राहिला की त्याला सुरकुती पडते आणि सुरकुतीवर चीर. आमच्या पन्हळीत अशा चिरा होत्या आणि त्यांवर डांबराच्या पट्ट्यांची ठिगळं. डांबराखाली पाणी अडकून बसलं होतं.

तेच पाणी दर्शनी पडदा आणि जुनी भिंत यांच्या मधल्या डबरात उतरत होतं. दरजा चुन्याच्या असत्या तर त्यातलं बरंचसं बाहेरून सुकलं असतं. सिमेंटने ती वाट बुजवली, म्हणून पाणी दगडाच्याच तोंडातून बाहेर पडायला लागलं, बरोबर क्षार घेऊन. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली फुगतात आणि थंडीत त्याच जागी पाणी गोठतं. खपल्या त्यामुळे. उरलेलं पाणी आत, प्लास्टरकडे आणि तुळयांच्या टोकांकडे.

तुळयांची टोकं ही तपासातली वाईट बातमी. भिंतीत रुतलेल्या ओकच्या दोन तुळयांना डेथवॉच बीटल लागला होता. हा भुंगेरा वसंतात लाकडावर डोकं आपटून टकटक आवाज करतो. त्याची अळी लाकडात वर्षानुवर्षं राहते, कधी कधी दहाएक वर्षंसुद्धा. तिला ओलसर, बुरशीने मऊ झालेला ओक लागतो. कोरड्या ओकमध्ये तिचं फारसं चालत नाही.

पर्याय

आतून जलरोधक थर द्यायचा पर्याय आम्ही पहिल्यांदा बाद केला. तो भिंतीला कोरडं करत नाही, फक्त आतल्या माणसाच्या नजरेआड करतो. आणि तुळयांची टोकं तर त्या थराच्या ओल्या बाजूलाच राहिली असती. बाहेरून सिलिकॉनचा फवारा मारायची सूचना कुटुंबातल्या एका अभियंत्याची होती. पाऊस आत जाणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर. पण आमचं पाणी पावसाच्या माऱ्याने दगडातून आत जात नव्हतं, पन्हळीतून उतरत होतं. फवाऱ्याने त्याची बाहेर पडायची उरलीसुरली वाटही बंद झाली असती.

सगळं सिमेंट काढून सगळ्या दरजा चुन्याने भरणं हा पुस्तकी पर्याय. १८७७ साली विल्यम मॉरिस आणि मित्रांनी जुन्या वास्तू जपण्यासाठी जी संस्था काढली, तिच्या परंपरेत वाढलेल्या आम्हा सगळ्यांचा कल आपोआप इकडे जातो. पण त्याच परंपरेचं दुसरं सांगणं असं की गरजेपेक्षा जास्त काही करू नका. इथे ही दोन सांगणी एकमेकांवर आदळत होती, ते पुढे येईलच.

आणखी एक पर्याय फक्त कागदावर मांडला: कठडा काढून छप्पर पूर्वीसारखं बाहेर आणायचं. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्वेध. पण १७३०च्या दशकातलं दर्शन हा या घराचा यादीतल्या श्रेणीपुरता मोठा आधार होता. ते मोडून ओल थांबवणं म्हणजे घरच बदलणं. तरी तो मांडला, कारण त्याने चर्चेला दिशा मिळाली. पाणी घराबाहेर आणायचं, पण दर्शनाला हात न लावता.

पुणे-साताऱ्याकडच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथेही जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होतो आणि खांब-तुळया आतून कुजतात. फरक असा की काळा पाषाण स्वतः खपलत नाही, त्यामुळे बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि नुकसान लाकूड वाकल्यावरच कळतं. इथला मऊ दगड निदान लवकर ओरडतो.

निर्णय आणि काम

पहिला निर्णय क्रमाचा. आधी छपराचं पाणी, मग जमिनीचं, मग दरजा, सर्वांत शेवटी आतलं प्लास्टर. लग्नामुळे मालकीणबाईंना हा क्रम उलटा हवा होता. आम्ही एक तोड सुचवली: दिवाणखान्याची तक्तपोशी क्रमांक घालून उतरवायची, जिप्समचं प्लास्टर खरवडून काढायचं आणि लग्नापुरते भिंतीपासून हातभर अंतरावर लाकडी चौकटींवर ताणलेले कापडी पडदे लावायचे. त्या लगेच तयार झाल्या नाहीत. 'चारशे वर्षांच्या घरात कनातीत लग्न?' असं काहीसं म्हणाल्या. पण मागून वारा खेळणार हे पटलं आणि समारंभ तसाच झाला.

दुसरा निर्णय आमच्या हातात नव्हता. पोटमाळ्यात वटवाघळं निघाली, नालाकृती नाकाची लहान जात. इंग्लंडमध्ये सगळ्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांच्या जागेत काम करायला 'नॅचरल इंग्लंड' या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेचा परवाना लागतो. उन्हाळ्यात माद्या पिलं घालतात, तेव्हा छपराला हात लावायचा नाही. उलट चुन्याला उबदार हवाच लागते. पारा पाच अंशांच्या खाली गेला की ताजा चुना धोक्यात येतो. गोठला तर भुगा होऊन गळतो. म्हणजे छप्पर शरद ऋतूत आणि दरजा थेट पुढच्या वसंतात. मधला आख्खा हिवाळा भिंत सिमेंटसकट उभी राहणार. कंत्राटाच्या दृष्टीने हे नुकसान, कारण परांची दोनदा बांधायला लागणार. प्रत्यक्षात मात्र तो हिवाळा उपयोगी पडला.

पन्हळीच्या बाबतीत आम्ही पाण्याची दिशाच फिरवली. पूर्वी दोन्ही टोकांकडून पाणी मध्यावर येऊन आतल्या नळीत जायचं. आता मध्य उंच आणि उतार दोन्ही टोकांकडे. तिथे कठड्याच्या बाजूच्या, म्हणजे दर्शनी नसलेल्या अंगाला भोक पाडून शिशाची पेटी आणि ओतीव लोखंडाचा पाइप. पत्रे जाड शिशाचे, प्रत्येक तुकडा तीन मीटरच्या आत आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पायरी, म्हणजे प्रत्येकाला वाढायला-आखडायला मोकळीक. पायऱ्या वाढल्या की पन्हळीचा मध्य उंच होतो आणि छपराच्या खालच्या ओळींना भिडतो. म्हणून दगडी फरश्यांच्या खालच्या तीन ओळी उतरवून, त्यांच्याखाली लाकडी पाचर देऊन पुन्हा बसवल्या. शिशाखाली ओकची फळी कुठेही येऊ दिली नाही. ओकमधलं आम्ल शिशाला खालून खातं.

वाद झाला तो पन्हळ तुंबल्यावरच्या पाण्याबद्दल. आमचं म्हणणं, कठड्यातून समोर दोन छोटी तोट्यांसारखी तोंडं काढावीत. पन्हळ तुंबली तर पाणी तिथून अंगणात पडेल आणि कोणाला तरी दिसेल. नगरपालिकेच्या वारसा अधिकाऱ्यांनी हे साफ नाकारलं: दर्शनी रेषा मोडते. बरीच पत्रापत्री झाली. 'हिस्टॉरिक इंग्लंड' या सरकारी वारसा संस्थेच्या निरीक्षकांनी जागेवर येऊन मध्य काढला. तोंडं बाजूच्या कठड्यावर, टोकांशी, पण अशी की तिथलं पाणी मुख्य दाराकडे येणाऱ्या वाटेवर पडेल. माझ्या मते मूळ सूचना जास्त चांगली होती. अधिकाऱ्यांचंही चूक नव्हतं. हे दर्शन पाइपविरहित राहावं म्हणूनच तर इतका खटाटोप झाला होता.

आतली नळी काढली नाही. ती रिकामी, कोरडी, जागच्या जागी आहे.

तुळयांची कुजलेली टोकं तेवढी कापून नवा सुकवलेला ओक सांधला आणि टोकांभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा ठेवली. भुंगेऱ्यासाठी फवारणी केली नाही. फवारा लाकडाच्या पृष्ठभागावर राहतो, अळी खोल असते; शिवाय फवाऱ्याने कोळी मरतात आणि प्रौढ भुंगेरे खाणारे कोळीच असतात. मालकीणबाईंना जाळी न झाडण्याची लेखी सूचना देणारा मी पहिलाच वास्तुतज्ज्ञ असेन, असं त्या म्हणाल्या.

फुलांचा वाफा उतरवला तेव्हा खाली घडवलेल्या जोत्याची पूर्ण कड निघाली, छिन्नीच्या खुणा अजून ताज्या. ती उघडी ठेवली आणि पुढे सैल खडीची पट्टी केली.

वसंतात दरजांचं काम निघालं तेव्हा आधीच्या हिवाळ्याने एक गोष्ट सांगून ठेवली होती. पन्हळ दुरुस्त झाल्यावर भिंतीचा माथा सिमेंट असूनही बराच सुकला होता. मधला भाग मात्र हट्टी. म्हणजे सगळीकडचं सिमेंट सारखंच घातक नव्हतं. आम्ही वेगवेगळ्या तीन जागी छोटे चौकोन आखून गवंड्याकडून सिमेंट हाताने, छिन्नी-मोगरीने काढून पाहिलं. यंत्राला बंदी, कारण १९८०च्या दशकात कडा उडवल्या होत्या त्या यंत्रानेच. जुन्या अनगड भिंतीतलं सिमेंट आखडून सुटं झालं होतं, पट्टीच्या पट्टी हातात आली. दर्शनी भागाच्या मध्यावरही बहुतेक निघालं. पण खालच्या दोन ओळींत ते घडीव दगडाला असं चिकटलं होतं की दर फूटभर दरजेमागे दगडाची कड जात होती.

इथे गवंड्याचं मत निर्णायक ठरलं. तो म्हणाला, 'वाजवून बघा. जिथे पोकळ वाजतं तिथून काढतो. जिथे घट्ट वाजतं आणि भोवतीचा दगड धड आहे, तिथे मला हात लावायला सांगू नका.' तसंच केलं. सुमारे तीन चतुर्थांश दरजा मोकळ्या झाल्या, बाकीच्या राहिल्या. अनगड भागात नैसर्गिक जलीय चुना, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा, आणि खरखरीत वाळू. घडीव भागाच्या बारीक दरजांत विरवलेला, मुरवलेला चुना आणि त्याच दगडाची भुकटी. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट, ऊन आणि वारा दोन्हींपासून आडोसा.

फार खपललेले दगड बदलायचे ठरले, पण फक्त ज्यांच्यामुळे पाणी साचून राहत होतं तेवढेच. नुसते कुरूप दिसणारे तसेच आहेत. नवे दगड खाणीत जसे पडून होते त्याच थराने, आडवे बसवले. उभ्या थराने बसवलेला दगड पानं सुटावीत तसा सुटतो.

परिणाम

निजायच्या खोलीतला डाग पुन्हा आला नाही. दिवाणखान्याची भिंत सुकायला मात्र अपेक्षेप्रमाणे वेळ लागला. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा एक ढोबळ अंदाज धंद्यात वापरतात. मध्ये डबर आणि क्षार असले की तोही फसतो. दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यांत मध्यभागाची ओल स्पष्ट उतरलेली होती, तेव्हाच आतलं प्लास्टर केलं, केस घातलेल्या चुन्याचं. तक्तपोशी मागे हवा खेळेल अशा पट्ट्यांवर परत चढली. पहिल्या हिवाळ्यात प्लास्टरवर पांढरा लोणा फुटला. तो कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा, पाण्याने पुसायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घबराट झाली नाही.

खर्च मूळ कोटेशनच्या बऱ्याच पट झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातला मोठा वाटा शिसं आणि परांचीचा होता.

वटवाघळं परत आली आहेत.

पुन्हा असं घर आलं तर

वटवाघळांची पाहणी परवानगीच्या अर्जाआधी करून घ्यावी. ती ठराविक ऋतूतच होते आणि एक ऋतू हुकला की आख्खं वेळापत्रक सरकतं. जुन्या दगडी छपराखाली वटवाघळं असणारच असं धरूनच चालावं.

दरजांच्या चुन्याबद्दल माझं मत तेव्हापासून थोडं बदललं आहे. जलीय चुना वर्षानुवर्षं कडक होत राहतो, आणि इतक्या मऊ दगडाला तो कालांतराने जड जाऊ शकतो. आज अनगड भागासाठी मी कळीचा चुना वाळूबरोबरच विरवून तयार केलेला गरम माल निवडेन. आपल्याकडच्या घाणीतल्या चुन्याशी त्याचं नातं जवळचं आहे. तेव्हा तसं काम जाणणारे गवंडी त्या भागात मिळणं अवघड होतं, हेही खरं.

आतली कोरडी नळी ठेवण्याबद्दल आमच्या कार्यालयात अजून दोन मतं आहेत. ती त्या दर्शनाचा अर्धा अर्थ सांगते, म्हणून ठेवावी, हे एक. दुसरं असं की पुढच्या पिढीतला एखादा प्लंबर तिला पुन्हा जोडून देईल. सध्या तिच्या तोंडाशी शिशाचं झाकण आहे आणि 'वापरात नाही' अशी पितळी पट्टी.

सफाईचं कंत्राट मात्र कामाच्या कंत्राटातच बांधायला हवं होतं, असं मालकीणबाईही म्हणतात. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची: पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात एकदा. पहिल्या वर्षी ते कोणाचं काम यावरून भाडेकरू आणि घरचे यांच्यात टोलवाटोलवी झाली, बाजूच्या तोंडातून पाणी वाटेवर पडलं आणि पोस्टमनने तक्रार केली. त्याच आठवड्यात शिडी लागली. खालच्या दोन ओळींतलं जे सिमेंट ठेवलं आहे, ते दर पाच वर्षांच्या पाहणीत वाजवून बघायचं आहे. पहिल्या पाहणीत दोन दरजा पोकळ वाजल्या आणि त्या तेवढ्याच बदलल्या.